‘बाज’ कोणत्या गावचा?

शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर यांचा जन्म १९२१ साली नाशिकला झाला. मग त्यांच्या गाण्याला ‘नाशिकचा बाज’, म्हणजे नाशिकची खास ढब, आहे असे म्हणावे का, अशी पृच्छा आली आहे. मिसळीपासून वाड्यांच्या लाकूडकामापर्यंत कशालाही हल्ली ‘नाशिकचा बाज’ लावला जातो आणि त्यात या शब्दातला नाद हरवतो, याची मला मनापासून चीड आहे.

झोपायची बाज आणि बाज पक्षी यांचा येथे संबंध नाही. संगीतातला ‘बाज’ हिंदी ‘बाजना’पासून आला असून त्याच्या मुळाशी संस्कृत ‘वाद्यते’ हे रूप आहे. त्यातूनच मराठीला ‘वाजणे’ मिळाले. मराठीने शब्दारंभीचा ‘व’ राखला, हिंदीने त्याचा ‘ब’ केला: वीस–बीस, वाट–बाट, वाजणे–बाजना. हा शब्द मराठीत घडला असता तर तो ‘वाज’ झाला असता. एखाद्या गवयाचे गाव त्याच्या पहिल्या आलापातच ओळखू यावे, तसे या शब्दाचे गाव त्याच्या पहिल्या अक्षरात ओळखू येते. माझ्या दृष्टीने या शब्दातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

काही जाणकार या शब्दाचे मूळ म्हणून ‘दगाबाज’मधला फारसी ‘बाज’ पुढे करतात, ते मला मुळीच मान्य नाही. तो प्रत्यय माणूस दाखवतो, रीत नव्हे. शिवाय वाद्य वाजवणाऱ्यासाठी फारसीतून आपल्याकडे आला तो ‘नवाज’, म्हणूनच आपण ‘तबलानवाज’ म्हणतो.

‘बाज’ ही मुळात हाताची रीत आहे आणि ती परिसराने घडते. तबल्याचा दिल्ली बाज बोटांचा, किनारीचा, म्हणजे तबल्याच्या काठावर वाजवण्याचा. लखनौला कथ्थकाची साथ करावी लागल्याने तेथील पूरब बाजात पंजाचे खुले, घुमारेदार बोल आले.

राहिला प्रश्न पलुसकरांचा. त्यांचे वडील विष्णु दिगंबर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे जी ग्वाल्हेरची गायकी शिकले, तीच मुलाकडे आली आणि वडिलांच्या पश्चात त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांच्या तालमीत पक्की झाली. त्यामुळे त्यांचा बाज ग्वाल्हेरचा आहे. नाशिकला वडिलांनी रामनाम आधार आश्रम काढला होता. त्या वातावरणाचा ठसा त्यांच्या रामभजनांत शोधायचा असेल, तर त्याला नाशिकचा ‘संस्कार’ म्हणावे.