वीस हजार रुपयांत जुन्या सामानातून घरासाठी चांगला स्टिरिओ उभा करता येईल का?

आपण लिहिले आहे की वडिलांच्या मागे घरात सत्तरेक एलपी आणि थोड्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत, बैठकीची खोली दहा फूट बाय बारा फूट आहे, हाताशी वीस हजार रुपये आहेत आणि नव्या वस्तूंच्या किमती पाहून आपण जुन्या सामानाचा विचार करत आहात. एवढ्या पैशांत या खोलीला पुरून उरेल असा स्टिरिओ नक्की उभा करता येतो. मी स्वतः २०१९ साली पुण्यात असा एक जमवला आणि तो आजही रोज संध्याकाळी वाजतो. अट एकच आहे. वीस हजारांपैकी निदान सहा हजार रुपये दुरुस्तीसाठी आधीच बाजूला ठेवावेत आणि ते आपल्याजवळ नाहीतच असे समजून बाजारात जावे. जुन्या यंत्राच्या किमतीचा एक हिस्सा विकणाऱ्याला द्यायचा असतो आणि दुसरा दुरुस्त करणाऱ्याला. हा दुसरा हिस्सा ज्यांनी हिशेबात धरला नाही, त्यांची यंत्रे माळ्यावर गेलेली मी पाहिली आहेत.

माझा हिशेब सांगतो, म्हणजे प्रमाण लक्षात येईल. अँप्लिफायर साडेतीन हजार, स्पीकरची जोडी चार हजार आणि टर्नटेबल साडेचार हजार, असे खरेदीचे बारा हजार झाले. त्यानंतर अँप्लिफायरच्या दुरुस्तीला अठराशे, स्पीकरच्या कडा बदलायला बाराशे, टर्नटेबलचा पट्टा आणि नवे कार्ट्रिज (सुई धरणारा छोटा भाग) मिळून सत्तावीसशे आणि वायरींना सहाशे लागले. एकूण अठरा हजार तीनशे. आज यातले काही आकडे वाढले असतील, पण खरेदी आणि दुरुस्ती यांचे प्रमाण साधारण असेच राहते.

सुरुवात स्पीकरपासून करावी. बहुतेक जण आधी अँप्लिफायर घेतात, कारण त्याचे चकचकीत पुढचे पॅनेल आणि हलणारे काटे मन वेधून घेतात, परंतु कानावर जे पडते त्यातला सर्वांत मोठा वाटा स्पीकरचा असतो आणि जुन्या सामानात सर्वांत जास्त फरकही स्पीकरमध्येच आढळतो. जाळी काढून कोनाच्या, म्हणजे मध्ये हलणाऱ्या शंकूच्या, भोवतीची कडा बोटाने अलगद दाबून पाहावी. ती फोमची असेल आणि बोटाला चिकट लागत असेल किंवा तिचा भुगा पडत असेल, तर ती संपली आहे असे समजावे. फोम पंधरा-वीस वर्षांत विरतो आणि आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात त्याआधीही विरतो. यामुळे स्पीकर टाकून द्यावा लागत नाही, कारण कडा नवी बसवता येते, मात्र तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत. कापडाची किंवा रबराची कडा असेल तर चाळीस वर्षांनंतरही ती बहुधा शाबूत सापडते, म्हणून मी अशा जोडीला प्राधान्य देतो. त्यानंतर दोन्ही हातांची बोटे कोनावर सारख्या अंतरावर ठेवून तो हलकेच आत ढकलावा. आतून खरखर जाणवली तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, घासते आहे, आणि अशी जोडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

खिशात दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल ठेवावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या लाल खुंटीला आणि ऋण टोक काळ्या खुंटीला क्षणभर टेकवले की टक्क असा आवाज होऊन कोन बाहेर आला पाहिजे. आवाजच झाला नाही तर वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) जळलेला आहे. एका पेटीचा कोन बाहेर येतो आणि दुसरीचा आत जातो असे झाले, तर पूर्वी कुणीतरी दुरुस्ती करताना आतल्या वायरी उलट जोडल्या आहेत. असे दोन स्पीकर एकत्र लावले की खर्ज एकमेकांना मारतो, तबल्यातला डग्गा पोकळ ऐकू येतो आणि दोष मात्र विनाकारण अँप्लिफायरच्या माथी येतो.

वॉटच्या आकड्यांच्या मागे लागू नये. आवाजाची पातळी तीन डेसिबलने वाढवायची तर दुप्पट शक्ती लागते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटावा यासाठी दहापट शक्ती लागते, त्यामुळे वीस वॉट आणि चाळीस वॉट यांत ऐकताना जेमतेम फरक जाणवतो. नॅड कंपनीचा ३०२० हा १९७८ साली आलेला अँप्लिफायर कागदावर एका बाजूला अवघा वीस वॉटचा होता आणि तरीही जगभर नावाजला गेला. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर अठ्ठ्याऐंशी डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज देणारे स्पीकर असतील, तर आपल्या खोलीला वीस वॉट भरपूर होतात. नव्वदच्या दशकातल्या प्लॅस्टिकच्या म्युझिक सिस्टीमवर हजारो वॉट पीएमपीओ असे छापलेले असे. त्या मोजमापाला कोणतीही ठरलेली व्याख्या नव्हती, म्हणून तो आकडा विचारातच घेऊ नये.

अँप्लिफायर निवडताना माझी कसोटी अशी, की तो आपल्या गावात दुरुस्त झाला पाहिजे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले बरेच अँप्लिफायर, मग ते कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या भारतीय कंपन्यांचे असोत की परदेशी, सुट्या ट्रान्झिस्टरांवर चालतात, आणि २एन३०५५ सारखे धातूच्या टोपीचे पॉवर ट्रान्झिस्टर आजही सहज मिळतात. याउलट ज्यांत एसटीके मालिकेचा जाडजूड एकसंध आयसी (अनेक भाग एकत्र असलेली चिप) आहे, ते चालू असेपर्यंत उत्तम वाजतात, पण आयसी गेला की अडचण होते, कारण मूळ आयसी मिळणे कठीण झाले आहे आणि बाजारात नकली आयसी फार आहेत. म्हणून घेण्यापूर्वी झाकण उघडून पाहू द्या अशी विनंती करावी. ज्याने यंत्राची निगा राखली आहे असा माणूस सहसा नकार देत नाही.

अनेक वर्षे बंद पडून असलेला अँप्लिफायर कधीही थेट भिंतीतल्या सॉकेटला लावू नये. प्रत्येक जुन्या रेडिओ मेकॅनिककडे सिरीज दिवा असतो, म्हणजे साठ किंवा शंभर वॉटचा तारेचा बल्ब विजेच्या मार्गात एकसरीत जोडलेला असतो. अँप्लिफायर सुरू करताच बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक आहे. तो लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बने ट्रान्सफॉर्मर जळण्यापासून वाचवला असे समजावे. पुढची परीक्षा मल्टिमीटरची. स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या खुंट्यांवर डीसी व्होल्टेज मोजावे. वीस-तीस मिलिव्होल्ट असतील तर काळजी नाही. शंभराच्या वर गेले तर दुरुस्तीशिवाय त्याला स्पीकर लावू नयेत, कारण हे डीसी व्होल्टेज फार वाढले तर वूफरची कॉइल जळते. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर हा मात्र मोठा दोष नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारून बटण वीस-तीस वेळा पूर्ण फिरवले की ती बहुधा जाते. वीजपुरवठ्याचे मोठे कंडेन्सर मात्र वयानुसार सुकतात आणि मग स्पीकरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येतो. ते अनुभवी माणसाकडूनच बदलून घ्यावेत, कारण प्लग काढल्यानंतरही त्यांच्यात भार शिल्लक राहतो. व्हॉल्व्हच्या जुन्या यंत्रांत तर अडीचशे व्होल्टच्या वर दाब असतो, त्यामुळे सरावाशिवाय त्यांचे झाकण उघडूच नये.

आता टर्नटेबल, जिथे माझे स्वतःचे सहा महिने गेले. अमेरिकेहून परतलेल्या एका कुटुंबाने मला त्यांचा सुंदर डेक, म्हणजे टर्नटेबल, दिला. तो १२० व्होल्टचा होता, म्हणून मी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेतला आणि मोठ्या आनंदाने रेकॉर्ड लावली, तेव्हा गायिकेचा आवाज जड झाला होता आणि तानपुरा खाली उतरला होता. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता बदलत नाही, हे मला तेव्हा उमगले. तिकडे वीज ६० हर्ट्झची आहे आणि आपल्याकडे ५० हर्ट्झची. साध्या सिंक्रोनस मोटरचा वेग या वारंवारतेला बांधलेला असतो, त्यामुळे ६० हर्ट्झसाठी बनवलेला डेक इथे पाच-षष्ठांश वेगाने, म्हणजे मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम अठ्ठावीस फेऱ्यांनी फिरतो. हा फरक साधारण तीन अर्धस्वरांचा आहे. काळी पाचमध्ये गाणारी गायिका पांढरी पाचमध्ये ऐकू येते. उपाय होता तो मोटरची कप्पी बदलण्याचा, आणि मोठ्या व्यासाची कप्पी लेथवर करून घेईपर्यंत तो डेक तसाच पडून राहिला. जपानहून आलेल्या डेकबाबत तर अधिक सावध राहावे, कारण तिथे व्होल्टेज १०० असते आणि पूर्वेकडे ५० तर पश्चिमेकडे ६० हर्ट्झ वीज असते. डीसी मोटरचे किंवा क्वार्ट्झ नियंत्रणाचे डेक या बंधनातून मुक्त असतात, योग्य व्होल्टेज दिले की पुरते.

वेग तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही. डेकच्या फिरत्या थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून घड्याळ लावावे. तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे झाले पाहिजेत. त्यानंतर सोबत नेलेली एखादी शास्त्रीय गायनाची एलपी लावून केवळ तानपुरा ऐकावा. पट्टा सैल असेल किंवा बेअरिंग कोरडे असेल तर षड्ज किंचित झोके घेतो आणि जवारी थरथरते. वाद्यवृंदाच्या गर्दीत हा दोष लपून जातो, तानपुऱ्यात तो लपत नाही.

वडिलांच्या रेकॉर्डसाठी एक विनंती मनापासून करतो. पेटीसारखे जुने रेकॉर्ड प्लेअर, ज्यांत सिरॅमिक कार्ट्रिज असते, ते आठवण म्हणून जरूर जपावेत, पण त्यांवर या एलपी रोज वाजवू नयेत. त्यांची सुई खाच्यावर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकते आणि खाचा झिजवते. मॅग्नेटिक कार्ट्रिज घेता येईल असाच डेक घ्यावा, आणि त्यावर बसलेली जुनी सुई कितीही चांगली दिसली तरी नवी घालावी. ऑडिओ-टेक्निकाचे एटी-३६००एल यासारखे साधे कार्ट्रिजसुद्धा तीन-साडेतीन ग्रॅमवर नीट चालते. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून केवळ तीन ते पाच मिलिव्होल्ट येतात, म्हणून अँप्लिफायरमध्ये योग्य फोनो विभाग (हा क्षीण संकेत वाढवणारा भाग) असावा लागतो. काही जुन्या भारतीय अँप्लिफायरांवर फोनो असे लिहिलेले असते, परंतु ती जागा सिरॅमिकसाठी असते आणि तिथे मॅग्नेटिक जोडले की आवाज अगदी क्षीण येतो. अशा वेळी दीड-दोन हजारांचा वेगळा फोनो प्री-अँप घ्यावा लागतो, म्हणून ही चौकशी खरेदीआधीच करावी.

सामान शोधायला पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईत चोर बाजार आहेच, तरी मला उत्तम वस्तू घर बदलणाऱ्या ज्येष्ठ कुटुंबांकडून मिळाल्या. सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकाने पाहावीत. त्याच गल्ल्यांत साठी उलटलेले, डाग देताना हात न थरथरणारे रेडिओ मेकॅनिक अजून भेटतात. यंत्र घेण्याआधीच त्यांच्यापैकी एकाची ओळख करून घ्यावी आणि घेताना त्यांना सोबत न्यावे. त्यांच्या एका फेरीचे पाचशे रुपये मी आनंदाने दिले आहेत.

सर्व जमल्यावर स्पीकर शोकेसमध्ये किंवा कोपऱ्यात कोंबू नयेत. ते भिंतीपासून फूटभर पुढे, ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येईल असे ठेवावेत, आणि दोन स्पीकरांमध्ये जेवढे अंतर असेल साधारण तेवढ्याच अंतरावर बसावे. टर्नटेबल स्पीकरच्याच फळीवर नसावे, नाहीतर खर्जाची थरथर सुईत परत शिरते.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या सध्या बाजूला ठेवाव्यात. त्यांचा खाचा एलपीच्या खाच्याहून कितीतरी रुंद असतो, त्याला सुमारे ७५ मायक्रॉनची वेगळी सुई लागते आणि डेकवरही ७८ चा वेग असावा लागतो. तोवर त्या उभ्या, कोरड्या जागी राहू द्याव्यात. एलपी धुताना डिस्टिल्ड वॉटरमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब चालतात, परंतु ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, म्हणून त्यांना ते चुकूनही लावू नये, ओलसर मऊ कापड आणि लगेच कोरडे कापड एवढेच पुरे.