न्हावा-शेवा बंदरात जाणाऱ्या आमच्या बीएस-४ आणि बीएस-६ ट्रेलरांचा धूर कमी करायचाय, सल्लागार नेमावा का?

बीएस-४ आणि बीएस-६ (भारत स्टेज, म्हणजे गाड्यांच्या धुराचे सरकारी निकष) अशा दोन्ही गाड्या आहेत म्हणता, तर जरूर नेमा. मात्र तो यार्डात येऊन प्रत्येक गाडीचा धूर स्मोक मीटरने मोजणारा हवा. नुसत्या पीयूसीच्या कागदांवरून अहवाल देणारा अजिबात नको. ताफ्यातला बराचसा काळा धूर मोजक्याच गाड्या ओकतात: चोंदलेला एअर फिल्टर, झिजलेले इंजेक्टर, टर्बोच्या पाइपची गळती. आधी त्या शोधून काढा.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत डीईएफची, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या द्रावणाची, टाकी उघडायला लावा. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो. पाणी मिसळलं की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, आणि डोळ्यांना धूर दिसतच नाही. काही ठिकाणी तर मेकॅनिक ही यंत्रणाच बायपास करून देतात. हे बघून चीड येते, कारण ती हवा आधी चालक-क्लीनरच्याच छातीत जाते.

‘तुम्ही फिल्टर किंवा ॲडिटिव्ह विकता का?’ हे सल्लागाराला थेट विचारा. विकत असेल तर दुसरा बघा. निम्मी फी दुरुस्तीनंतरच्या फेरमोजणीवर ठेवा. चालकांच्या प्रशिक्षणासाठी पीसीआरएकडे (इंधन बचतीसाठी काम करणारी सरकारी संस्था) चौकशी करा. बंदराच्या रांगेत इंजिन बंद ठेवण्याची सवय तिथूनच लावता येईल.