अप्पांना गुण चांगले पडले, मग ओटीपी का सांगितला?

टोरांटोहून एका ताईंनी विचारलंय: "आमचे अप्पा बेळगावात वडगावला एकटे राहतात, वय ७८. दवाखान्यात स्मरणशक्तीची तपासणी झाली, ३० पैकी २७ गुण पडले, काळजीचं कारण नाही म्हणाले. पण त्यानंतर अप्पांनी फोनवर कुणाला तरी ओटीपी सांगितला आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून बीपीच्या गोळ्याही बंद केल्या. आम्ही काय समजायचं?"

ताई, गुणही खरे असतील आणि तुमची काळजीही. तशा तपासणीत वार-तारीख, शब्द लक्षात ठेवणं, वजाबाकी, आकृती काढणं असं विचारतात. अडचणीच्या वेळी काय करावं, कुणाचं ऐकावं, कुठं थांबावं हे सारासार भान वेगळं. ते बरंचसं मेंदूच्या पुढच्या भागावर अवलंबून असतं आणि आठवण शाबूत असतानाही ते ढिलं पडू शकतं. अर्थात एकदा फसणं म्हणजे आजार नव्हे; चाळिशीतली शिकलेली माणसंही ओटीपी सांगून बसतात. बघायचं ते हे, की अप्पा आधी असे होते का? आयुष्यभर चार ठिकाणी विचारून मगच पैसा सोडणारा माणूस असा वागू लागला, तर त्याकडे लक्ष द्यायला हवं.

याच्यासाठी वेगळी चाचणीही आहे. अमेरिकेत लॉरा रेबिन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'टेस्ट ऑफ प्रॅक्टिकल जजमेंट' मांडली. तिच्यात रोजच्या जगण्यातले प्रसंग सांगून 'तुम्ही काय कराल?' एवढंच विचारतात आणि उत्तराच्या दर्जाला गुण देतात. सुरक्षितता, औषधपाणी, पैसा, माणसांशी वागणं असे तिचे विषय. पण ती जशीच्या तशी वडगावात लावू नये, असं मला ठामपणे वाटतं. रात्री छातीत दुखलं तर आपली म्हातारी माणसं आधी शेजारच्या पोराला हाक मारतात, तो गाडी काढतो. गल्लीत हे शहाणपणच आहे. तेव्हा प्रसंग तिथलेच हवेत. गॅसचा वास आला तर? सकाळची गोळी राहिली, तर रात्री दोन घ्यायच्या का? बँकेतून बोलतोय म्हणून कुणी नंबर मागितला तर?

आणि नुसत्या उत्तरावर थांबू नका. 'ओटीपी कुणाला सांगू नये' हे अप्पा घडाघडा सांगतील, पण प्रत्यक्ष फोन आला की गडबडतील. माहीत असणं आणि वेळेवर तसं वागणं यातली ही फट बाहेरूनच दिसते. म्हणून गोळ्यांची पाकिटं, बँकेचं पासबुक, शेगडी कुणीतरी स्वतः पाहायला हवं.

सीमाभागात भाषेचा प्रश्न मोठा. अप्पांची पिढी शाळेत जायला लागली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं, १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेलं. बाजारापुरती कन्नड त्यांना येते, पण 'असं का केलंत?' याचं कारण ते मराठीतच नीट सांगतील. तपासणी मराठीतच व्हावी असा आग्रह धरा; बेळगावात मराठी बोलणारे डॉक्टर सापडतात. चष्मा आणि कानाचं यंत्र घालूनच बसवा. व्हिडिओ कॉलवरून तुम्ही उत्तरं सुचवू नका, हे विशेष सांगते.

हा बदल दोन-चार दिवसांत झाला असेल तर चाचणीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम उतरणं यानंही म्हातारं माणूस भ्रमिष्टासारखं वागतं आणि उपचारानं सावरतं. हळूहळू झालं असेल तर थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या, आणि झोपेची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

एक गोष्ट मात्र जपा. देवळाला देणगी दिली, नातवाला पैसे दिले, तुम्हाला पटलं नाही, म्हणून अप्पांची अक्कल गेली असं ठरत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ उपचारांच्या निर्णयाबद्दल हेच म्हणतो: निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून माणूस निर्णयाला असमर्थ ठरत नाही. शिवाय एखाद्याला शेअरचे व्यवहार झेपत नसले, तरी आपल्यावर कोणती शस्त्रक्रिया व्हावी हे त्याला कळू शकतं. जो निर्णय समोर आहे, त्याच्यापुरतंच तपासायचं.

मुखत्यारपत्राचं, म्हणजे अप्पांच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्या कुणाला देणाऱ्या कागदाचं, बोलणं आताच करा. परदेशात अशी पत्रं माणसाचं भान गेल्यावरही चालू ठेवता येतात. भारतात करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारा मानसिकदृष्ट्या असमर्थ झाला की ते संपतं. वकिलांना हे विचारूनच पुढची सोय लावा. बँकेत जाऊन रोजची यूपीआय मर्यादा कमी करून घ्या, अप्पांना विश्वासात घेऊनच. पुन्हा फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन. ज्येष्ठांसाठी १४५६७ हीही हेल्पलाइन आहे.

पुढच्या भेटीआधी डॉक्टरांना एक पानभर लिहून पाठवा: काय घडलं, कधी घडलं, आधी अप्पा अशा वेळी कसे वागायचे. 'विसरतात' असं मोघम लिहू नका, 'गोळ्या आपणहून बंद केल्या, कारण विचारलं तर असं म्हणाले' असं लिहा. सोबत शेजारी नको, जवळच्या नात्यातलं कुणी जाऊ दे, आणि डॉक्टरांनी अप्पांशी आधी एकट्यानं बोलावं असं त्यांना सांगा.