कपाटाची किल्ली

शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू होतेयस ना? पहिल्याच दिवशी कपाटांची कुलपं काढ. बाकीचं नंतर.

हे मी का सांगते? आमच्या शाळेत पुस्तकं काचेआड असायची. शनिवारी बाई हजेरी क्रमांकाने एकेक पुस्तक हातात ठेवायच्या. मला एकच चरित्र तीनदा मिळालं, तेही मधली पानं गळालेलं. तक्रार केली तर "पहिली पानं वाचलीस का?" (राग अजून गेलेला नाही.) मग बाबांनी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात नेलं. १८९३ सालची संस्था. एवढी पुस्तकं एका ठिकाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेली ग्रंथालयाची पाच सूत्रं तू परीक्षेसाठी पाठ केली असशीलच. 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हे मात्र मला त्या गळक्या चरित्राने शिकवलं.

म्हणून माझ्या तासाला ड्यूईचे आकडे, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायचे क्रमांक, फळ्यावर लिहीत नाही. ऐरोलीच्या शाळेत सातवीतल्या एकाने विचारलं, "खाडीतले फ्लेमिंगो गुलाबी का?" उत्तर दिलं नाही. "५९८ शोध," म्हटलं. फडताळावर बोट फिरवत तो ५९१, ५९५ करत पक्ष्यांपाशी पोचला, आणि रंग खाण्यातून येतो हे वाचून ओरडलाच. शांतता पाळायला सांगायचं मी त्या दिवशी विसरले.

कुलपं काढलीस की पुस्तकं फाटणार, हे धरूनच चाल. दंड लावू नकोस, मुलं यायचीच बंद होतात. टेबलावर खळ आणि पातळ कागद ठेव. सेलोटेप नको, ती पिवळी पडते आणि निघताना पानही घेऊन जाते.