गच्चीवरची वही आणि अकरावीचा ग्रुप

प्रश्न : मी औसा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलीला अकरावीला लातूरला ठेवलंय. ग्रुप पीसीबी, नीटची बॅचही लावली. गेल्या हिवाळ्यात ती रात्री गच्चीवर जाऊन 'अल्गॉल' ताऱ्याचा उजेड वहीत टिपायची. आता म्हणते, डॉक्टर व्हायचं नाही, असल्या ताऱ्यांचंच काम करायचं. यात पोट भरतं का? औंढ्याला लिगो होतंय, तिथं लागेल का? वहीचं एक पान सोबत पाठवतोय.

उत्तर : नमस्कार गुरुजी,

पान मोठं करून नीट पाहिलं. तारीख, वेळ, शेजारचे कोणते दोन तारे ताडून पाहिले आणि मग अंदाज : '2.1 आणि 2.9 च्या मधोमध, म्हणून 2.5'. (हे आकडे प्रतीचे, म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद.) एका ओळीपुढं 'ढग होते, खात्री नाही' असंही लिहिलंय. मला तीच ओळ सगळ्यात आवडली. पुस्तकातला आकडा तिला ठाऊक असणारच, तरी तो तिनं वहीत घुसडला नाही.

ययाती तारकासमूहातला अल्गॉल म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढं येऊन त्याला झाकतो आणि सुमारे दहा तासांच्या ग्रहणात उजेड 2.1 प्रतीवरून 3.4 पर्यंत उतरतो. 1783 मध्ये जॉन गुडरिकनं यामागं ग्रहण असावं असं सुचवलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. ताऱ्यांची वस्तुमानं आणि आकार काढायला अशा जोड्यांइतका थेट मार्ग आजही दुसरा नाही. ग्रहणाची वेळ वर्षानुवर्षं मागंपुढं सरकत असेल, तर एका ताऱ्याचं द्रव्य दुसऱ्यावर जातंय किंवा तिसरा कुणी सोबत फिरतोय, अशी शंका घेता येते.

आता पोटाचं. नुसतं गच्चीवर बसून पगार मिळत नाही. आज असे तारे मुख्यतः संगणकावर शोधले जातात. 2018 मध्ये सोडलेल्या टेस या अवकाश दुर्बिणीची निरीक्षणं कुणालाही फुकट मिळतात. त्यातून ग्रहणं ओळखायची, संगणकानं चुकीची उचललेली गाळायची, आवर्तनकाळ काढायचा आणि यादीत नोंद करायची. त्याला भौतिकशास्त्र, गणित आणि पायथनसारखी भाषा लागते. रस्ता लांब आहे : बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, नंतर नेट किंवा जेस्ट परीक्षा आणि पाच-सहा वर्षांची पीएचडी. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये, म्हणजे त्या काळात घरावर भार नाही. पुढं पुण्याचं आयुका, बंगळुरूची आयआयए, नैनितालची एरीज अशा खगोल संशोधन संस्था आणि विद्यापीठं. पण कायमच्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. बरेच जण शिकवण्याकडं किंवा डेटाच्या नोकऱ्यांकडं वळतात. हे तिलाही आत्ताच सांगा.

लिगोचं वेगळं आहे. तिथं तारे पाहायची दुर्बीण नसेल. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांत लेसर सोडून गुरुत्वीय लहरी टिपायच्या आहेत. त्यासाठी लेसर, निर्वात यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक जाणणारी माणसं लागतील. इंजिनिअरिंगकडूनही वाट आहे, पण घराजवळ आहे म्हणून आजच त्यावर भिस्त ठेवू नका.

खरी अडचण तुमच्या पत्रातल्या एका शब्दात आहे : पीसीबी. लातूर पॅटर्नमध्ये नीटच्या पोरांचा गणित विषय सोडला जातो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. गणित सोडलं की भौतिकशास्त्राची पदवी अवघड होऊन बसते. आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेतही 60 पैकी 15 प्रश्न गणिताचे असतात. माझं मत स्पष्ट आहे : जीवशास्त्र राहू द्या, पण गणित घ्या. नीट द्यायची की नाही हे बारावीत ठरवता येईल. विषय बदलायची मुदत कॉलेजात उद्याच विचारा. सध्या पावसानं आभाळही बंद आहे, गणिताला हेच दिवस बरे.

आणि ती डॉक्टर झालीच, तर वही बंद करायचं कारण नाही. आताच्या बांगलादेशातल्या जेस्सोरचे राधागोविंद चंद्र सरकारी खजिन्यात नोकरीला होते. त्यांनी रूपविकारी, म्हणजे उजेड बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या 37 हजारांहून अधिक नोंदी अमेरिकेतल्या आव्सो या निरीक्षक संघटनेला पाठवल्या. तेजस्वी ताऱ्यांच्या डोळ्यांनी केलेल्या नोंदी ही संघटना आजही घेते.

जागरणाची चिंताही कमी करता येईल. अल्गॉलचं ग्रहण दर तीन दिवसांनी जवळपास सव्वातीन तास अलीकडं येतं. त्यामुळं वेळा आधी मांडून रात्री दहाच्या आतली तेवढीच निवडावीत. वृषपर्वा तारकासमूहातल्या डेल्टा या सावकाश बदलणाऱ्या ताऱ्याला तर रात्री एक नोंद, दहा मिनिटं, पुरते.

एक दुरुस्ती मात्र तिला सांगा. दोन ठिकाणी तिनं तुलनेला ययातीतलाच ऱ्हो हा तारा घेतलाय. तो स्वतःच 3.3 ते 4.0 च्या दरम्यान बदलतो. ऑक्टोबरात आभाळ उघडलं की त्याऐवजी त्रिकोण तारकासमूहातला अल्फा घ्यावा, तो 3.4 चा आहे, म्हणजे ऐन ग्रहणातल्या अल्गॉलच्या बरोबरीचा.