घरामागच्या परड्यात रात्री कोण कोण येतं ते ट्रेल कॅमेऱ्यात (समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो-व्हिडिओ काढणारा कॅमेरा) खरंच दिसतं का? कुठे आणि कसा लावायचा?

हो, दिसतं. दिवसा ज्यांची चाहूलसुद्धा लागत नाही तेच जास्त दिसतात. आमचं घर कोकणात देवरूखजवळ, मागे परडं, शेवटी जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि पलीकडे रान. दोन वर्षांपूर्वी नवीन लावलेली माडाची रोपं कोणीतरी बुंध्याशी कुरतडून आडवी करायला लागलं. बाबा म्हणाले डुक्करच, शेजारचे काका म्हणाले फासकी, म्हणजे जनावर अडकवायचा तारेचा फास, लावा. फासकी मला अजिबात मान्य नव्हती, एकतर तो गुन्हा आहे आणि त्यात बिबटेसुद्धा अडकून हाल होऊन मरतात, म्हणून म्हटलं आधी कोण येतंय ते तर बघू आणि कॅमेरा मागवला.

पहिल्या आठवड्यात मिळाले केळीच्या पानाचे अकराशे फोटो! कारण यातला सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो, उन्हात तापलेलं पान हललं की त्याला ते जनावरच वाटतं. त्यामुळे समोरचं गवत, पानं, लोंबत्या फांद्या सगळं काढा आणि कॅमेऱ्याचं तोंड शक्यतो उत्तरेला ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट आत येत नाही. याच कारणामुळे एप्रिल-मेच्या दुपारी, जमीनच जनावराच्या अंगाएवढी तापलेली असताना, समोरून मुंगूस गेलं तरी कधीकधी फोटो निघत नाही. कॅमेरा बिघडला असं समजून परत पाठवू नका.

जागेचं म्हणाल तर कॅमेरा बांधायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं परडं फिरून बघा, माझ्या मते अर्धं काम तिथेच होतं. आमच्या गडग्याचा एक भाग ढासळलाय, तिथली माती येजा होऊन गुळगुळीत झालेली आणि खालच्या चिऱ्याच्या कडेला राठ केस अडकलेले. तिथेच लावला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेपासून अडीच-तीन मीटरवर, जरा तिरका. आडवं जाणारं जनावर सेन्सर पटकन पकडतो, सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारं उशिरा. खूप जवळ लावलात तर रात्रीच्या लाइटने अंग पांढरंफटक दिसतं, तेव्हा एलईडीवर कागदी चिकटपट्टी लावा, काम होतं. घेताना रात्रीच्या इन्फ्रारेड लाइटची तरंगलांबी किती ते बघा, ८५० नॅनोमीटरवाल्याचे दिवे अंधारात मंद लाल दिसतात, ९४०वाल्याचे दिसत नाहीत पण त्याचा उजेड कमी पडतो.

चौथ्या रात्री पावणेदोनला आलं ते साळिंदर. एक नाही, दोन, एकामागून एक. पुढच्याने पुढचे पाय रोपावर टेकवले आणि मान वाकडी करून बुंधा कुरतडायला लागलं, मागचं मध्येच दचकलं तेव्हा काटे फुलले आणि व्हिडिओत त्यांची सळसळ स्पष्ट ऐकू आली. डुक्कर त्या महिन्यात एकदाही नाही. मग रोपांभोवती जाळी केली, अर्धा फूट मातीत गाडून, तेव्हापासून एकही रोप गेलेलं नाही आणि साळिंदरंही येतात. त्याच वाटेने कांडेचोर (उदमांजर) येतो, फणस पिकला की रोज, रानमांजर एकदा.

बॅटरी चांगली घ्या, साध्या रिचार्जेबल सेलचा व्होल्टेज नेहमीच्या सेलपेक्षा कमी, १.२ असतो, काही कॅमेरे त्यावर रात्री लाइट नीट मारत नाहीत. सेल बदलल्यावर तारीख-वेळ तपासा, नाहीतर नोंदींचा काही उपयोग नाही. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी टाका आणि मुंग्या शिरल्यात का ते बघत रहा. आणि कॅमेरा शेजाऱ्यांच्या दारावर किंवा पाणंदीवर रोखू नका.

खाणं ठेवून प्राणी बोलवू नका, प्लीज. आधी भटकी कुत्री आणि उंदीर येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. तुमच्याकडे खवल्या मांजर दिसलं तर तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकू नका, जागा तर कुणालाच सांगू नका. खवल्यांसाठी त्याची चोरटी शिकार होते आणि शिकाऱ्याला तेवढाच पत्ता हवा असतो. सांगायचंच असेल तर थेट वनखात्याला सांगा.