वाचक विचारतात : मालिकेतली नटी आणि झाडीपट्टीचा रंगमंच

प्रश्न : चार हंगाम झाले, झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांत काम करते. 'कॉरोनेशन स्ट्रीट' या ब्रिटिश मालिकेत जीन अलेक्झांडर यांनी एकच भूमिका 23 वर्षं केली, असं वाचनात आलं. आमच्याकडे भाऊबीजेपासून होळीपर्यंत चार-पाच नाटकं तरी बसवावी लागतात. एकाच पात्रात इतकी वर्षं नटी गंजत कशी नाही?
– एक वाचक, देसाईगंज (वडसा)

उत्तर : तुम्ही आज जे करता, तेच त्यांनी आधी 15 वर्षं केलं होतं. जन्म 1926 चा, लिव्हरपूलचा. ग्रंथालयातली नोकरी सोडून 1949 मध्ये त्या मॅकल्सफील्डच्या एका नाटक कंपनीत गेल्या. त्या काळच्या बऱ्याच कंपन्या एकाच गावी मुक्काम ठोकून दर आठवड्या-पंधरवड्याला नवं नाटक लावत. रात्री एकाचा प्रयोग, दिवसा दुसऱ्याची तालीम. 1962 मध्ये त्यांनी याच मालिकेत एका घरमालकिणीचं बारकं काम केलं आणि 1964 मध्ये हिल्डा ऑग्डेन मिळाली : दारूच्या गुत्त्यात झाडलोट करणारी, चोंबडी, बेसूर गाणारी बाई.

पात्र टिकलं ते बारकाव्यांवर. डोक्याला कायम कर्लर, वर रुमाल. युद्धकाळात कारखान्यात जाणाऱ्या बाया अशा राहात, ते त्यांनी पाहून ठेवलं होतं. अंगावर फुलाफुलांचा एप्रन. भिंतीवर उडत्या बदकांची जोडणी, त्यातलं एक मान टाकलेलं. हे रोज तेच असल्यामुळे लेखकाला दर भागात हिल्डाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नसे. बदल हवा तो प्रसंगात, पात्रात नव्हे. नटी गंजते ती त्याच हावभावावर विसंबून प्रसंग न ऐकता बोलायला लागली की. तुमच्याकडची हमखास टाळी घेणारी जागा आठवा, धोका तिथेच असतो.

1984 चा एक प्रसंग जमला तर जरूर पाहा. नवऱ्याची, स्टॅनची भूमिका करणारे बर्नार्ड युएन्स वारले, म्हणून मालिकेतही स्टॅन गेला. त्याच्या वस्तूंचं पुडकं दवाखान्यातून घरी येतं. हिल्डा ते सोडते, हाताला चष्म्याचं घर लागतं. ती ते उघडते, आतला चष्मा बघते आणि कोसळते. भाषण नाही. झाडीपट्टीत इथे एक पद आणि पेटी आली असती, आणि ते बरोबरच होतं, कारण शेवटचा प्रेक्षक मंडपाच्या टोकाला बसलेला असतो. कॅमेऱ्याला मात्र बोटं दिसतात. दुसऱ्या वर्षी रॉयल टेलिव्हिजन सोसायटीचा अभिनयाचा पुरस्कार जीनबाईंना मिळाला.

प्रश्न : आमचं निम्मं नाटक प्रॉम्प्टरच्या भरवशावर चालतं. मालिकेच्या ऑडिशनला तो नसणार. पाठांतर कसं करायचं? मोबाइलवर व्हिडिओ मागतात, तो कसा काढायचा?
– एक वाचक, सिंदेवाही

उत्तर : प्रॉम्प्टरची सवय असलेला नट शब्द कानावर पडेपर्यंत थांबतो. मंचावर ती थांबण्याची वेळ खपते, कॅमेऱ्यात डोळे रिकामे दिसतात. म्हणून आधी समोरच्याची वाक्यं पाठ करा, मग आपली. सुरुवातीला भाव न घालता, सपाट आवाजात, हाताने भांडी घासत किंवा भाजी निवडत म्हणा. हात चालू असताना शब्द अडले नाहीत, म्हणजे पाठ झालं. भाव घालून पाठ केलं की सूरही पाठ होतो, आणि दिग्दर्शकाने 'वेगळं करून दाखवा' म्हटलं की गाडी तिथेच रुतते.

व्हिडिओ दिवसा काढा. खिडकी तुमच्या समोर हवी. पाठीशी आली की चेहरा काळा पडतो. मागे साधी भिंत. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, चार-पाच फुटांवर, पोत्यांच्या थप्पीवर ठेवला तरी चालेल. चौकट छातीपर्यंत. पंखा बंद करा, कारण त्याची घरघर माइक आधी पकडतो. आधी नाव, वय, उंची, गाव सांगा, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवा, मग प्रसंग. समोरची वाक्यं म्हणणारा माणूस मोबाइलच्या अगदी शेजारी बसवा आणि त्याला हळू बोलायला सांगा, नाहीतर त्याचाच आवाज भरतो. वर टांगलेल्या माइककडे आवाज फेकायची आपली सवय इथे मोडावीच लागेल. खाटेवर शेजारी बसलेल्या बाईशी बोलता तेवढाच आवाज ठेवा. भुवया आणि मानही आवरा. मेकअप लग्नाला करता त्याहून कमी.

प्रश्न : मालिकेत पैसे आमच्यासारखे 'नाईट'वर (दर प्रयोगामागे) मिळतात का? आणि मालिका सुटली की पुढे काय?
– एक वाचक, साकोली

उत्तर : मुंबईत बहुधा दिवसावर ठरतात, पाळी साधारण 12 तासांची. पण रक्कम बऱ्याचदा तीन महिन्यांनी हातात येते. तेवढे दिवस खोलीभाडं आणि जेवण भागेल एवढी तजवीज करूनच गाडीत बसा. करारात तीन गोष्टी पाहा : महिन्याला किमान किती दिवस काम, पैसे कधी, आणि त्या काळात दुसरीकडे काम करायची मुभा आहे का. शेवटचं कलम हंगामाच्या आड येऊ शकतं. काम देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याकडे फिरकू नका.

मालिका सुटल्यावरचं उत्तर जीनबाईंकडेच आहे. त्यांनी 1987 च्या नाताळात हिल्डा सोडली. तो भाग 2 कोटी 60 लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. दुसऱ्याच वर्षी त्या एका विनोदी मालिकेत भंगार-जुनंपानं विकणाऱ्या चिकट दुकानदारीण म्हणून आल्या, आणि ते काम पुढे 2010 पर्यंत करत राहिल्या. यात ना कर्लर होते, ना एप्रन.